जुन्या सी-१० चा एसी कंप्रेसर सारखा जातोय? नवा घ्यायच्या आधी एवढं तपासा

गाडी १९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप, ३५० व्ही-८ इंजिन, सिंगल केबिन, कंपनीतूनच एसी लागून आलेली. राहतो ह्यूस्टनला. इथला ऑगस्ट ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी मे महिन्यातली मुंबईची चिकचिक घ्यावी आणि तिच्यावर नागपूरचा पारा ठेवावा. तर अशा गावात पाच वर्षांत तीन कंप्रेसर गेले माझे. तिन्ही वेळा दुकानवाल्याने एकच सांगितलं, कंप्रेसर गेलाय, नवा टाका, आणि मी पण शहाण्यासारखा टाकत गेलो. चौथ्या वेळी मात्र पैसे काढायच्या आधी जरा डोकं चालवलं, आणि मग कळलं की मी "कुठला कंप्रेसर घेऊ" हा प्रश्न भलत्याच वेळी विचारत होतो. तो सगळ्यात शेवटी विचारायचा.

लक्षणं आधी सांगतो, तुमची जुळतात का बघा. हायवेला ताशी ६० मैलांच्या स्पीडला हवा बरी थंड. सिग्नलला थांबलो की दोन मिनिटांत कोमट. उन्हाळा जसा चढेल तसा आवाज वाढायचा, मग एक दिवस पट्टा किंचाळायचा, नाहीतर कंप्रेसरच्या क्लचमधून, म्हणजे पट्ट्याची पुली चुंबकाने कंप्रेसरला जोडणाऱ्या चकतीतून, जळका वास, आणि संपलं. पहिले दोन होते ते मूळ टाइपचे, ए६ मॉडेलचे, रीबिल्ट केलेले. तिसरा "सँडेन ५०८ सारखा", म्हणजे दिसायला तसा पण नावगाव नसलेला, स्वस्त मिळाला म्हणून घेतला. तो तर अकरा महिन्यांत गेला.

माझा मेहुणा पुण्यात कोल्ड स्टोरेजची कामं करतो. त्याला फोनवर रडगाणं सांगितलं तर त्याने कंप्रेसरचं नाव पण विचारलं नाही. म्हणाला, "दाजी, गाडी उभी असताना हेड प्रेशर, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर, किती येतंय?" मी म्हटलं गेजच नाहीये माझ्याकडे. "मग तीन कंप्रेसर कशाच्या भरवशावर बदलले?" आता यावर काय बोलणार. दुसऱ्या दिवशी मॅनिफोल्ड गेजचा सेट आणला, एका रीबिल्ट कंप्रेसरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

तिसरा कंप्रेसर तेव्हा शेवटचे आचके देत होता, पण फिरत होता. बाहेर १०० फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, बॉनेट बंद, गाडी आयडलला, एसी फुल. हाय साइडचा, म्हणजे हेड प्रेशरचा, काटा ३४० पीएसआयच्या वर. माझ्या एसीत आर-१३४ए गॅस आहे, त्याला एक ढोबळ हिशेब चालतो, बाहेरचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं आणि त्याच्या २.२ ते २.५ पट प्रेशर यायला हवं, म्हणजे १०० ला २२० ते २५०. माझं त्याच्या शंभरेक वर. म्हणजे कंप्रेसर बिचारा प्रत्येक सिग्नलला भिंतीवर डोकं आपटत होता, आणि मी दर वेळी नवीन डोकं आणून देत होतो.

मग पाण्याची टेस्ट केली. ही फुकटची आहे आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. गाडी आयडलला ठेवून समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी सांभाळून. माझा काटा मिनिटभरात २३० पर्यंत आला आणि आतली हवा ६८ वरून ५४ फॅरनहाइटवर. पाणी बंद केलं की परत वर. याचा अर्थ सरळ आहे, कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाहीये, एकतर त्याच्यावरून हवा कमी जातेय नाहीतर तो स्वतःच कमी पडतोय. माझ्याकडे दोन्ही होतं. फॅनचा श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं कवच, आधीच्या मालकाने कधी काढून टाकला देव जाणे, इंजिन तापलं की फॅनला जोरात फिरवणारा फॅन क्लच निकामी झालेला, गरम झाला तरी नुसता घरंगळत फिरायचा. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये कडेने दोन बोटं जागा मोकळी, त्यामुळे इंजिनाची गरम हवाच फिरून परत पुढे यायची. आणि कंडेन्सर होता जुना, ट्यूब आणि पत्र्यांवाला, आर-१२ च्या जमान्यातला.

इथे थोडी जुनी गोष्ट सांगावी लागेल कारण सगळी गोम तिच्यातच आहे. या गाड्या आर-१२ गॅसवर बनल्या. अमेरिकेत आर-१२ चं उत्पादन १९९५ संपताना बंद झालं, ओझोनच्या माँट्रियल करारामुळे, आणि मग लोकांनी आर-१३४ए भरायला सुरुवात केली. गरम हवामानात १३४ए चं हेड प्रेशर आर-१२ पेक्षा जास्त जातं, त्यामुळे आर-१२ ला जो कंडेन्सर जेमतेम पुरायचा तो १३४ए ला पुरत नाही. दुसरं म्हणजे तेल. आर-१२ बरोबर मिनरल तेल फिरायचं, १३४ए त्याला बरोबर घेऊन फिरवत नाही, ते कुठेतरी तळाशी बसून राहतं आणि कंप्रेसर कोरडा पडतो. म्हणून पॅग नाहीतर एस्टर तेल लागतं. माझा पहिला ए६ बहुतेक असाच गेला, गॅस बदलला, पोर्टवर नवीन अडॅप्टर बसवले, आणि आत जुनं तेल तसंच. दुसरा गेला तो पहिल्याच्या कचऱ्याने. पहिला जॅम झाला तेव्हा त्याने धातूचा काळा चुरा सगळ्या लाइनीत सोडला होता, दुकानवाल्याने लाइनी धुऊन न काढता, म्हणजे फ्लश न करता, ओल शोषणारा ड्रायर न बदलता नवा लावून दिला. मी उभा होतो तिथे, विचारलं पण नाही.

म्हणजे तीन मेले ते तीन वेगवेगळ्या कारणांनी, पण हेड प्रेशर तिघांनाही छळत होतं.

तिसऱ्याची वेगळीच गंमत. त्याचा क्लच जळला. मल्टिमीटर लावला तर बॅटरीला १४ व्होल्ट आणि क्लचच्या वायरीला १०.६. पन्नास वर्षं जुनी वायर, डॅशबोर्डमधल्या जुन्या स्विचमधून फिरून येणारी, वाटेतच साडेतीन व्होल्ट खात होती. सँडेनसारख्या कंप्रेसरचा क्लच साधारण ४ अँपिअर घेतो, व्होल्टेज कमी पडलं की चुंबक नीट धरत नाही, हेड प्रेशर जास्त असलं की क्लच घसरतो, घसरला की तापतो, तापला की संपला. उपाय दोनशे रुपयांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने बोललो. एक रिले लावायचा, बॅटरीवरून फ्यूजमधून जाड वायर थेट क्लचला, आणि जुन्या स्विचने फक्त रिले चालवायचा. त्याच नादात क्लचची गॅप पण फिलर गेजने बघा, सँडेनला ०.४ ते ०.८ मिलिमीटर हवी.

आणखी दोन चोर असतात जे कंप्रेसरच्या नावावर खपतात. एक हीटरचा व्हॉल्व्ह. तो नीट बंद होत नसेल तर इंजिनाचं गरम पाणी हीटर कोअरमधून फिरतच राहतं, केबिनची हवा गार करणारा इव्हॅपोरेटर थंड करतोय आणि शेजारी चूल पेटलेली. हीटरचा होज क्लॅम्पने दाबून बघा, हवा पाच-सहा डिग्री उतरली तर कळलं. दुसरा, एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, बल्ब, तो पाइपला घट्ट बांधलेला आणि वरून टेप गुंडाळलेला पाहिजे, लोंबकळत असेल तर व्हॉल्व्हला खरं तापमान कळणार कुठून.

आता हे सगळं झालं. श्राउड बसवला, फॅन त्याच्यात अर्धा आत अर्धा बाहेर राहील असा, फॅन क्लच नवा, कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बंद, आणि जुन्या कंडेन्सरच्या जागी बारीक समांतर नळ्यांचा पॅरलल फ्लो कंडेन्सर, बसेल तेवढा मोठा. एक लक्षात ठेवा, पॅरलल फ्लोच्या नळ्या इतक्या बारीक असतात की एकदा चुरा गेला की फ्लश होत नाही, कंप्रेसर आतून फुटला असेल तर असला कंडेन्सर फेकायचाच, जीव तुटला तरी. होज पण बॅरिअरवाले, गॅस झिरपू न देणारे, घेतले, ओ-रिंग १३४ए ला चालणाऱ्या हिरव्या, ड्रायर नवा.

आणि आता कुठे कंप्रेसर.

पर्याय तसे मोजकेच. पहिला मूळचा ए६, शेव्हरोलेची मालक कंपनी जीएमने १९६२ पासून जवळपास वीस वर्षं लावलेला, सहा सिलिंडर, लांबुळका दंडगोल, क्लचसकट सोळा किलोच्या आसपास. क्षमता, म्हणजे एका फेऱ्यात ओढला जाणारा गॅस, २०६ सीसी. चालला तर लोण्यासारखा चालतो, आयडलला थंड करतो, आणि गाडी जशीच्या तशी ठेवायची असेल तर तोच शोभतो. दुखणं म्हणजे पुढच्या शाफ्टचं सील, ते गळतं म्हणजे गळतंच. रीबिल्ट घेणार असाल तर नवीन धाटणीचं लिप सील टाकलंय का आणि आत तेल कुठलं आहे हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय घेऊ नका. बाहेरून ए६ सारखे दिसणारे पण अॅल्युमिनियम बॉडीचे नवे कंप्रेसर पण मिळतात, मूळ ब्रॅकेटवर बसतात, वजन खूप कमी. महाग आहेत, पण ब्रॅकेट बनवायची कटकट नको असेल तर मला तो सौदा वाईट वाटत नाही.

दुसरा सँडेन. ही जपानी कंपनी, आणि हल्लीच्या बहुतेक किटमध्ये हाच येतो. ५०८ या आकड्यातच सगळं आहे, ५ पिस्टन आणि ८ क्युबिक इंच, नेमकं ८.४, म्हणजे १३८ सीसी. १३४ए साठी तोच एसडी५एच१४ नावाने येतो. मोठा भाऊ एसडी७एच१५, सात पिस्टन, १५५ सीसी, चालायला जास्त गुळगुळीत. दोघेही सात किलोच्या आसपास, म्हणजे ए६ च्या निम्म्याहून कमी.

इथे सगळे एक हिशेब करतात आणि फसतात. २०६ कुठे आणि १३८ कुठे, मग ५०८ कसा पुरेल? मी पण हाच विचार करून दुसऱ्यांदा ए६ घेतला होता. माझ्या क्रँकची पुली ७ इंच, कंप्रेसरची ५, म्हणजे रेशो १.४. आयडलला इंजिन ६५० आरपीएम तर कंप्रेसर ९१०. कागदावर ५०८ मिनिटाला १२५ लिटर ओढतो, ७एच१५ साधारण १४१, आणि पुली तेवढीच धरली तर ए६ १८७. फरक मोठा दिसतो, आहेच. पण तोच ए६ जीएम कॅडिलॅकच्या मोठ्या धुडालाही लावत होती, त्याच मापाचा कंप्रेसर तीन माणसांच्या पिकअपच्या केबिनला. कंडेन्सर धड नसताना कंप्रेसर मोठा घेतला तर तो जास्त गॅस त्याच तुंबलेल्या गल्लीत ढकलणार, हेड प्रेशर आणखी वर, हवा थंड व्हायची सोडून गरम. आणि कंडेन्सर व्यवस्थित असेल तर सिंगल केबिनला ५०८ पुरतो, माझ्यासारख्या गरम दमट गावात ७एच१५ घ्या, एवढाच माझा सल्ला. क्रू कॅब नाहीतर मागे दुसरा इव्हॅपोरेटर असलेली सबर्बन असेल तर वेगळी गोष्ट, तिथे ए६ च्या मापाचाच बघा.

पुलीचा हिशेब दोन्ही बाजूंनी करायचा, हे लोक विसरतात. आयडलला जास्त फिरावा म्हणून क्रँकची पुली मोठी घेतली, समजा ८ इंच, तर रेशो १.६ झाला, आणि इंजिन ४००० ला गेलं की कंप्रेसर ६४०० ला. सँडेनला सलग चालायला ६००० च्या आसपासची मर्यादा आहे. तुम्ही गाडी पिळणारे असाल तर लहान रेशो, माझ्यासारखे रमतगमत जाणारे असाल तर १.४ ते १.५ ठीक.

ब्रॅकेटवर कंजुषी करू नका. माझ्या तिसऱ्याचा ब्रॅकेट दुकानात पत्र्याचे तुकडे वेल्ड करून बनवला होता, एक्सलरेटर दिला की हलताना डोळ्याला दिसायचा, दोनदा पट्टा उडाला. पुल्या एका रेषेत आहेत का हे सरळ पट्टी लावून बघायचं, दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. सँडेन उभा बसवा नाहीतर कुशीवर, ९० अंशांपर्यंत चालतो, पण त्यापुढे कलून पोर्ट, म्हणजे होज जोडायची तोंडं, खालच्या बाजूला जाता कामा नयेत. ऑर्डर करायच्या आधी पोर्ट वर आहेत की मागे, फ्लेअर आहेत की ओ-रिंगचे, ते पण बघा, नाहीतर माझ्या एका मित्रासारखं होईल, कंप्रेसर बसला छान पण होज बॉनेटला लागतो.

शेव्हरोले सोडून बाकीच्यांसाठी थोडक्यात. १९७३ नंतरच्या चौकोनी शेव्हरोलेत आर४ असू शकतो, चपटा, १६३ सीसी. तो बॉडीच्या मोठ्या ओ-रिंगमधून गळण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण नवा घेतला तर वाईट नाही, आणि त्याच्या ब्रॅकेटवर सँडेन बसवायच्या प्लेटी मिळतात. सत्तरीतल्या फोर्ड एफ-१०० ला यॉर्क नाहीतर टेकमसे, दोन सिलिंडरचा उभा ठोकळा. मजबूत आहे, तेल स्वतःच्या तळात ठेवतो, पण थरथरतो असा की आरशात मागची गाडी दोन दिसतात. तिथे सँडेन टाकल्याचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. डॉजचा आरव्ही२ म्हणजे लोखंडाचा गोळा, त्याबद्दल मी हात लावलेला नाही म्हणून बोलत नाही.

आणि नावगाव नसलेला ५०८ घेऊ नका. अस्सल सँडेनवर मॉडेल, सिरीयल नंबर आणि तेल कुठलं, किती ते लेबलवर छापलेलं असतं. माझ्या स्वस्तातल्यावर नुसता एक स्टिकर होता, तेलाबद्दल चकार शब्द नाही.

बसवताना तेलाचा हिशेब लेबलप्रमाणे. नवीन कंप्रेसरमध्ये तेल भरलेलं येतं, आणखी ओतायची घाई नको, जास्त तेल पण गारवा खातं. क्लच लागायच्या आधी पुढचा शाफ्ट हाताने दहा वेळा फिरवा, सिलिंडरमध्ये साचलेलं तेल निघून जातं, नाहीतर पहिल्या झटक्यालाच व्हॉल्व्हच्या पट्ट्या वाकतात. गॅस भरायच्या आधी पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची, हा व्हॅक्यूम मी तासभर ठेवतो, इथली हवा ओली आहे, आणि नंतर अर्धा तास काटा हलतो का बघतो. गॅस वजनाने भरा, डबे मोजून नाही. किट असेल तर किटवर लिहिलेलं वजन, जुनीच सिस्टिम १३४ए वर आणली असेल तर मूळ आर-१२ च्या वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांपासून सुरुवात आणि मग गेज बघत थोडा थोडा. जुना गॅस हवेत सोडू नका, बेकायदेशीर आहे, दुकानात रिकव्हर करून घ्या. प्रेशर स्विच पण टाकाच, गॅस कमी झाला की ३० पीएसआयच्या आसपास क्लच तोडतो आणि हाय साइड ४०० कडे गेली तरी तोडतो. माझ्या तिन्ही कंप्रेसरना असा स्विचच नव्हता. असता तर निदान एक तरी वाचला असता.

मी शेवटी ७एच१५ घेतला, तयार ब्रॅकेट, रिले, सगळं एका शनिवार-रविवारात नाही तर तीन शनिवार-रविवारांत बसवलं. त्याच वेळी सीट काढली होती म्हणून छताला आणि फ्लोअरला उष्णता अडवणारी शीट लावली. या गाडीचं छत म्हणजे उन्हात ठेवलेला तवा, त्या शीटने जो फरक पडला तो मोठ्या कंप्रेसरने पडला नसता. आज बाहेर १०० असताना हाय साइड आयडलला २४० ते २५०, हायवेला आत हवा ४३ फॅरनहाइट, सिग्नलला ५१. दुसरा उन्हाळा संपत आलाय.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. टॅकोवाल्याच्या ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहिलं की ५१ चे ५८ होतात. फॅनच्या पुढे एक इलेक्ट्रिक फॅन, प्रेशर वाढलं की फॅन पण सुरू करणाऱ्या ट्रायनरी स्विचवर, टाकायचा विचार आहे. मेहुणा म्हणतो, "दाजी, आधी परत एकदा पाणी मारून बघा." रविवारी मारणार आहे.